आईचे पंचवीस दात

कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर होते. दोन पानांची पीडीएफ. वर क्लिनिकचा लोगो, खाली आईचं नाव, वय ५७, आणि एक लांबलचक शीर्षक : फुल माउथ रिहॅबिलिटेशन. त्याखाली रकाने. शेवटी आकडा, ५,४०,०००. त्याच्यावर आडवी रेघ मारलेली आणि शेजारी लाल अक्षरांत ४,७५,०००. शनिवारपर्यंत बुकिंग केलं तर. मागून एका बाईने ढकललं, "ताई, पुलावर कसला मोबाइल बघता, चला ना." मी चालायला लागले. घरी पोचेपर्यंत कॅल्क्युलेटर उघडून बघितला. चोवीस हप्ते, महिन्याला जवळपास १९,८००. माझं घरभाडं त्याहून कमी होतं.

आई दिवाळीनंतर महिनाभरासाठी माझ्याकडे आली होती. आमचं गाव कऱ्हाडपासून वीसेक किलोमीटरवर. मी वर्षातून तीनदा जाते, दोन दिवस राहते, तिच्या हातचं खाते आणि पळते. तेवढ्या वेळात माणूस काय खातंय हे दिसतं, कसं खातंय हे दिसत नाही. इथे रोज समोरासमोर बसल्यावर दिसायला लागलं. भाकरी ती चहात बुडवून खायची. पेरू आणला तर "तूच खा, मला खोकला हाय" म्हणायची. शेंगदाणे कुटून घ्यायची. आणि ही तीच बाई, जी ऊस सोलायला कोयता घ्यायची नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "डावीकडनं चावत न्हाई मी, बास. बाकी काय न्हाई." किती दिवस? "झाली की चार वर्सं."

चार वर्षं! मला तेव्हा जी शरम वाटली, ती पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाची आहे, म्हणून लिहून ठेवते.

क्लिनिक आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर होतं. काचेचं, एसी, कॉफीचं मशीन. रिसेप्शनवर फॉर्म दिला. आईला चष्मा नव्हता म्हणून मी भरला. मधुमेह? नाही. रक्तदाब? गोळी चालू. तंबाखू, गुटखा, सिगारेट? नाही, नाही, नाही. तीन टिका मारल्या, सही केली.

डॉक्टर पस्तिशीचे असतील. वागायला चांगले होते, आईशी मराठीत बोलले, फक्त "आजी" म्हणाले, ते तिला घरी येईपर्यंत खुपत होतं. एका मशीनसमोर तिला उभं केलं, मशीन तिच्या डोक्याभोवती गरकन फिरलं, आणि दोन मिनिटांत तिचा आख्खा जबडा भिंतीवरच्या टीव्हीवर आला. याला ओपीजी म्हणतात. राखाडी हसू. सात दात आधीच गेलेले, पंचवीस उरलेले. डॉक्टरांनी पेनाने दाखवलं की हाड कुठपर्यंत असायला हवं आणि कुठपर्यंत खाली गेलंय. "पायोरिया आहे. पाया खचलाय. एकेक दात वाचवत बसलात तर दर सहा महिन्यांनी यावं लागेल. त्यापेक्षा सगळे काढू, इम्प्लांट टाकू आणि एकदाचं फिक्स बसवून टाकू." आईच्या तोंडात ते स्वतः दोनेक मिनिटं बघत होते. मग एक मॅडम आम्हाला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याकडे टॅब होता आणि हप्त्यांचं कोष्टक.

रिक्षात आई गप्प होती. मग म्हणाली, "सगळंच काढणार?"

"हो म्हणे."

"चांगलं हायेत ती बी?"

मला उत्तर येत नव्हतं. रात्री जेवताना तिनेच विषय काढला. वडील साखर कारखान्यात होते. ते गेल्यावर आलेले साडेचार लाख पोस्टात आहेत, महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास व्याज येतं, तेवढ्यावर तिचा किराणा चालतो. "पोस्टातलं काढू," ती म्हणाली. "वरचं पंचवीस तू घाल. मेल्यावर काय करायचंय त्याचं?"

आणि खरं सांगते, मी तयार होते. दहा हजार टोकन भरायला यूपीआय उघडलं होतं. चार वर्षं आपल्या लक्षात आलं नाही, तर आता निदान पैशाने तरी काहीतरी मोठं करावं, असं डोक्यात चाललं होतं. स्वस्त उपाय शोधणं म्हणजे पुन्हा एकदा आईकडे दुर्लक्ष करणं, असं वाटत होतं. क्लिनिकवाल्यांना हे ठाऊक असतं का, कल्पना नाही. पण त्या खोलीत आईबापांना घेऊन आलेली माझ्यासारखी किती मुलं बसत असतील, याचा विचार मी नंतर खूप केला.

टोकन भरलं नाही, कारण त्या रात्री सर्व्हर डाउन होता. इतकं साधं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेतली मैत्रीण आठवली. तिने बीडीएस केलंय, कऱ्हाडात तिचं दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे. तिला पीडीएफ आणि टीव्हीचा काढलेला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"प्रोबिंग केलं का?"

"म्हणजे?"

"हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत बारीक खुणांची सळई घालून मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पुढे किती, त्यावर ठरतं. दात हलवून बघितले का? एकेक?"

"नाही. दोन-तीन बघितले."

"मग पंचवीसच्या पंचवीस काढायचे हे कशावरून ठरलं?"

मग तिने मला दातांचे नंबर शिकवले. हे सगळ्यांना माहीत असावं असं मला आता वाटतं, निदान पिन कोडइतकं. तोंडाचे चार भाग : पेशंटच्या वरच्या उजव्या बाजूपासून सुरू करून १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. मग मधल्या दातापासून मागे मोजत जायचं. ३६ म्हणजे खालची डावी बाजू, सहावा दात, म्हणजे पहिली मोठी दाढ. "डॉक्टरला विचारायचं, कुठला नंबर आणि का. 'बरेच दात खराब आहेत' हे उत्तर नव्हे. आणि विचारायचं, सहा महिने काहीच केलं नाही तर काय होईल? दुसरा मार्ग कुठला, तो मला का नको?"

मी विचारलं, "म्हणजे फसवतायत?"

ती जरा थांबली. बीडीएस झाल्यावर दीड वर्ष ती ठाण्यात एका साखळी क्लिनिकमध्ये नोकरीला होती. पगार बेताचा आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट. "खोटं नाही बोलायचो गं आम्ही. दोन खरे पर्याय असले की महागातला आधी सांगायचो. दुसरा सांगायला वेळ उरायचा नाही." मग तिने स्वतःचंही गणित सांगितलं. खुर्ची, एक्स-रेचं मशीन, कर्ज, जागेचं भाडं. दाताच्या दवाखान्यात पेशंट आला नाही तरी मीटर चालू असतं, आणि आपल्याकडे आरोग्य विम्यात दातांचा खर्च सहसा बसत नाही, म्हणजे जे काही ठरतं ते डॉक्टर आणि पेशंटचा खिसा यांच्यातच. मधे प्रश्न विचारणारं तिसरं कुणी नाही.

त्या रात्री मी फोनवर वाचत बसले. १९९७ साली 'रीडर्स डायजेस्ट'साठी विल्यम एकेनबार्गर नावाच्या पत्रकाराने एक उद्योग केला होता. अमेरिकेतल्या २८ राज्यांमधल्या ५० डेंटिस्टांकडे तो गेला. तेच तोंड, तेच दात. खर्चाचे अंदाज काही शे डॉलरपासून जवळजवळ तीस हजार डॉलरपर्यंत आले. त्यातले सगळे लबाड होते असं मला वाटत नाही. फरसबंदी उखडलेली दिसली की कुणी दोन लाद्या बदलतो, कुणी अंगण नव्याने करतो. पण पैसे अंगणवाल्याचे जातात.

आता दुसऱ्याकडे जायचं, तर एक्स-रे हवा. तो मागायला फोन केला तर टॅबवाल्या मॅडमचा आवाज एकदम थंड झाला. "मॅम, काही ट्रस्ट इश्यू आहे का?" आणि मी, रोज ऑफिसात व्हेंडरांशी भांडणारी बाई, चाचरले. "नाही नाही, गावाकडे मामांना दाखवायचाय," अशी थाप मारली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात स्वतःची कागदपत्रं मिळण्याचा हक्क आहे आणि दुसरं मत घेण्याचाही आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी मामांचीच थाप मारली असती बहुतेक. डॉक्टरसमोर हक्क आठवत नाहीत. एक्स-रे मिळाला, दोन दिवसांनी, तीनदा आठवण करून.

त्याहून अवघड होती आई. "एका डॉक्टरवर इस्वास ठेवावा माणसानं. दारोदार तोंड उघडून दाखवत फिरायला आपण काय बाजारातली जनावरं?"

"म्हैस घेताना तुम्ही किती बाजार फिरला होता?"

ती विचारात पडली. आमच्याकडे जनावराचं वय दातांवरून बघतात. कारखान्याचा बोनस आला त्या वर्षी म्हैस घ्यायची होती, तेव्हा वडिलांनी तीन बाजार पालथे घातले होते आणि प्रत्येक म्हशीचं तोंड उघडून बघितलं होतं. शेवटी आईने पसंत केलेलीच घेतली. "चार," आई म्हणाली. "मसूरचा धरून चार." आणि साडी बदलायला उठली.

मैत्रिणीचा सल्ला होता, शेजारच्या गल्लीतलं दुसरं क्लिनिक नको. जिथे तुझ्या आईचा दात राहिला काय, गेला काय, कुणाच्या पगारात फरक पडत नाही अशा ठिकाणी जा. आणि पहिल्याने काय सांगितलं ते लगेच सांगू नको, आकडा तर मुळीच नको. म्हणून आम्ही सकाळची फास्ट लोकल धरून मुंबईला शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. सीएसएमटीला अठरा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने बाहेर पडलं की सेंट जॉर्ज हॉस्पिटलचं आवार लागतं, तिथेच हे कॉलेज आहे, १९४५ पासूनचं. केसपेपरचे पैसे पर्समधल्या सुट्ट्यात निघाले. गर्दी होती, बाकं भरलेली होती, आणि निम्म्या महाराष्ट्राची बोली तिथे कानावर पडत होती. आईला तिथे बरं वाटलं. शेजारी बसलेल्या माणगावच्या बाईशी तिची दहा मिनिटांत मुलांच्या लग्नापर्यंत मजल गेली.

आमचा नंबर लागला तेव्हा एक मुलगी समोर आली. पदव्युत्तर शिकणारी, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. तिने केसपेपर समोर ओढला, आणि पहिलाच प्रश्न विचारला :

"मावशी, मिश्री लावता का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका सकाळी ती बोटाने दातांना लावतात. माझ्या लहानपणाची सकाळ म्हणजे तो भाजका, डोक्यात जाणारा वास, आणि अंगणात उकिडव्या बसलेल्या तीन-चार बायका, बोट तोंडात, गप्पा चालू. ती दात घासायची पूड समजली जाते. सकाळी लावतात, दुपारी जेवण झाल्यावर लावतात, भूक मारायची असली की लावतात. तिच्याशिवाय "टाळकं उघडत न्हाई". आमच्या घरात तंबाखू खाणारा माणूस म्हणजे चुलता. आई तंबाखू खात नाही. त्या फॉर्मवर "नाही"ची टीक मी अगदी खरेपणाने मारली होती.

"लावती की," आई म्हणाली. "लगीन झाल्यापासनं."

"दिवसातून किती वेळा?"

"चार. कधी पाच."

मुलीने मान हलवली, रागावली नाही. आरसा घेतला, आणि दातांकडे न बघता आधी गाल ओढून आतून बघायला लागली. उजवा गाल, डावा गाल, जीभ वर, जीभ बाजूला. डाव्या गालापाशी थांबली. कापसाने पुसून बघितलं. मग सरांना बोलावून आणलं. त्यांनीही पुसून बघितलं. पांढरट चट्टा होता, बोटाच्या पेराएवढा, खालच्या हिरडीजवळ, बरोबर तिथे जिथे ती मिश्री धरून ठेवते. पुसला जात नव्हता. "याचा बारीक तुकडा काढून तपासायला लागेल," सर म्हणाले. "घाबरू नका. पण टाळूही नका."

दातांचं त्यानंतर झालं. एक मुलगी सळई घालून आकडे सांगत होती, दुसरी तक्त्यात लिहीत होती. "तीन, चार, तीन. पाच, सहा, सहा. तीन, तीन, दोन." हाऊजीसारखं. प्रत्येक दाताला सहा जागी मोजलं. प्रत्येक दात दोन दांड्यांमध्ये धरून हलवला. यातच पाऊण तास गेला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आकडे ऐकत होते, पण मला काही समजत नव्हतं. माझं लक्ष त्या डाव्या गालाकडे होतं.

शेवटी निकाल असा निघाला. सात दात खरोखर गेलेले, वरखालीसुद्धा हलत होते. ते काढायलाच हवेत. ३६ नंबरची किड आतपर्यंत पोचली होती, तिला रूट कॅनाल आणि कॅप. बाकीच्या सतरांची हिरड्यांच्या आतून, मुळांपर्यंत, चार बैठकांत सफाई करायची आणि मग थांबून बघायचं. गेलेल्या दातांच्या जागी काढता-घालता येणारी कवळी. मग मी आधीच्या क्लिनिकचं सांगितलं. सर म्हणाले, "इम्प्लांट वाईट नसतात. पुढे कधी करावेसे वाटले तर करा. पण मिश्री चालू असताना अशा हिरड्यांत कशाला? तंबाखू लावणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण जास्त असतं."

म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं सगळंच खोटं नव्हतं. पायोरिया होता, हाड झिजलं होतं, काही दात जाणारच होते. आणि ज्या एका प्रश्नावरून सगळं फिरलं असतं, त्याचं चुकीचं उत्तर माझ्या हाताने लिहिलेलं होतं. पण गाल ओढून बघायला फॉर्म लागत नाही, असंही मला वाटतं. हे दोन्ही विचार आजही माझ्या डोक्यात भांडतात, आणि मी त्यांना भांडू देते.

तुकडा काढला, एक टाका घातला. रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी गुगल करायचे आणि बंद करायचे. आईने एकदाच विचारलं, "क्यान्सर असंल तर पोस्टातलं पुरंल का?" मी तिच्यावर ओरडले. मग दोघी मिळून मटार सोलत बसलो.

रिपोर्टात लिहिलं होतं, माइल्ड डिस्प्लेझिया. सरांनी सोपं करून सांगितलं : कर्करोग नाही. पेशी बिघडायला थोडी सुरुवात आहे. मिश्री आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. बंद म्हणजे पूर्ण बंद, कमी नव्हे.

दात काढणं आणि सफाई तिथेच झाली. कॅप आणि कवळी कऱ्हाडात मैत्रिणीकडे. प्रवास धरून वर्षभरात बावीस हजारांच्या आसपास गेले. पोस्टातले साडेचार लाख जागच्या जागी आहेत. पहिल्या क्लिनिकचे मेसेज अजून येतात, पाडव्याला वेगळी सूट, अक्षय्य तृतीयेला वेगळी.

पैशाचं सोपं होतं. मिश्रीचं नाही. आईला आठवडाभर डोकं धरून बसावं लागलं, पोट साफ होईना, माझ्याशी तीन वेळा भांडण काढलं, एकदा तर बॅग भरली. बडीशेप, लवंग, आवळकाठी, सगळं करून झालं. गावी गेल्यावर आणखी अवघड, कारण सकाळी अंगणात बाकीच्या बसलेल्या असतातच, आणि तिथे न बसणं म्हणजे फक्त मिश्री सोडणं नसतं, त्या गप्पाही सुटतात. आता ती चहाचा कप घेऊन बसते म्हणे त्यांच्यात. त्यातल्या दोघींना तिने कऱ्हाडला मैत्रिणीकडे गाल दाखवायला नेलं. एकीचं काही निघालं नाही. दुसरी अजून औषधावर आहे.

परवा आम्ही पाचव्यांदा सीएसएमटीला गेलो. ती पहिली मुलगी शिकून बाहेर पडलीय, तिच्या जागी नवा मुलगा होता. त्याने केसपेपर उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "आता तंबाखू, मिश्री काही?" मी "नाही, बंद केलीय" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"दोन बार लावली," आई म्हणाली. "नणंदेच्या लेकीच्या लग्नात. हळदीच्या दिवशी एक आन् दुसऱ्या दिवशी एक. लिवा."

त्याने लिहिलं. मग बॅटरी लावून तिचा डावा गाल ओढला.